उस्ताद उतरले आणि धाकटी उडाली, त्या मोहिमेची हकीकत

समस्त जमिनीवर पाय टेकोन वावरणारे, जिने चढोन उतरणारे आणि विमानाचा आवाज येता मान वर करणारे थोर लोक, यांचे सेवेसी लेखकाची विनंती ऐसीजे. धाकट्या बाईसाहेबांनी सोबती न घेता, एकल्या जातीनिशी विमान आभाळी नेले आणि साबूत परत आणिले, ऐसा बोभाटा सर्वत्र जाहला. परंतु सांगणाराने तिखटमीठ लावावे आणि ऐकणाराने पदरचे चार शब्द घालोन पुढे द्यावे, ऐसे होवोन खरे वर्तमान झाकोळोन गेले. सबब जे घडले ते घडले तैसेच, कमी न करिता आणि वाढवू नये तितके न वाढविता, येथे लिहिले असे.

धाकट्या बाईसाहेब म्हणजे कोणी जन्मजात आभाळाच्या वतनदार नव्हेत. तिघा भावंडांत शेवटच्या, म्हणोन 'धाकटी' हेच नाव पडले, आणि चोविशी उलटली तरी तेच राहिले. पूर्वी त्या एका कुरियरच्या कचेरीत टेलिफोनवर तैनात होत्या. लोकांची पार्सले कोठे अडकली याचे जबाब दिवसभर द्यावे, शिव्या खाव्या, आणि वर 'आपली अडचण समजते' ऐसे गोड बोलावे, हा तेथील कारभार. त्या कचेरीच्या खिडकीसमोरोन दुपारचे वेळी एक लहानसे विमान जात असे. बाईसाहेब फोन कानास लावोन ते दिसेनासे होईतो पाहात, आणि पलीकडील गिऱ्हाईक 'हॅलो, हॅलो' करीत राही. मग एके दिवशी त्यांचे चित्त पार उडाले आणि त्यांनी राजीनामा टाकोन उड्डाणशाळेची शागिर्दी पत्करिली.

घरी मोठाच कल्लोळ जाहला. मातुश्री घरचे पुढील खोलीत शिवणयंत्र घालोन लोकांचे कपडे बेतीत आणि उसवीत, स्वभावे करारी, बोलण्यात टाका सुटू न देणाऱ्या. त्यांनी प्रथम अबोला धरिला, आणि अबोला सुटता जे बोलल्या ते अबोल्याहून भारी होते.

"चांगली खुर्चीवरची नोकरी सोडलीस. आता निघालीस तर नीघ. पण अर्ध्यातून परत फिरलीस तर मला सांगायला येऊ नकोस."

हे फर्मान बाईसाहेबांचे काळजात खिळा ठोकावा तैसे बसले. त्याचे परिणाम पुढे काय काय जाहले ते येईलच.

उड्डाणशाळा म्हणजे पत्र्याची एक उंच शेड, तिजपुढे सिमेंटचे अंगण, अंगणापलीकडे धावपट्टी आणि पट्टीचे कडेस काचेचा मनोरा. शेडीतील विमानांपैकी जे बाईसाहेबांचे वाट्यास आले त्यास सर्व शागिर्द 'म्हातारी' म्हणत. पंख माथ्यावर, आत दोनच खुर्च्या त्याही खेटोन, आणि दार ऐसे की ओढोन लाविले तरी कोपराने पुन्हा रेटोन खातरजमा करावी. परंतु इंजिन इमानी, कधी दगा दिला नाही. या म्हातारीवर बाईसाहेबांस तयार करावयास जे नामजाद जाहले, त्यांस सारे 'उस्ताद' म्हणत. उस्ताद देहाने भरभक्कम, मिशीने करडे आणि तोंडाने अखंड. दुसऱ्याच्या चुका डाव्या खुर्चीत बसवाव्या आणि आपण उजव्या खुर्चीत बसोन त्या सोसाव्या, यात त्यांची हयात गेली होती. विमान उठता त्यांची जीभ सुटे ती चाके जमिनीस लागेतो थांबत नसे.

"नाक बघ. नाक. माझं नाही, विमानाचं."

शिक्षणाचा मुख्य डाव चक्कर हा होता. पट्टीवरोन उठावे, दोनदा डावीकडे वळावे, पट्टीस समांतर उलट दिशेने जावे, मग पुन्हा दोनदा डावीकडे वळोन पट्टीसमोर यावे आणि उतरावे. बाईसाहेबांचे उठणे देखणे, वळणे बेताचे, आभाळात वावरणे ऐसे की उस्तादांनी क्वचित घटकाभर गप्प बसावे. परंतु उतरण्यात गोम होती. कधी उंची ज्यादा राहावी, कधी वेग, कधी वाऱ्याने विमान पट्टीच्या कडेस लोटावे. ऐसे होता उतरण्याचा हट्ट सोडावा, इंजिनास पूर्ण जोर देवोन पुन्हा वर जावे आणि नवी चक्कर मारोन यावे, ऐसा शास्त्राचा दंडक आहे. वैमानिक लोक यास 'गो-अराउंड' म्हणतात आणि त्यात कमीपणा मानीत नाहीत. परंतु बाईसाहेबांस परत फिरणे हेच वर्ज्य. विमान वाकडे येवो की तिकडे येवो, त्यांनी दात आवळोन ते खालीच रेटावे, आणि मग उस्तादांनी ऐन वेळी "माझ्या हातात" ऐसे म्हणोन विमान वर काढावे. हा वैमानिकांचा संकेत होय. जो 'माझ्या हातात' म्हणेल त्याचे हाती विमान, आणि दुसऱ्याने तात्काळ हात सोडावे.

ऐसे होता होता बरोबरीचे सारे शागिर्द एकेकटे उडोन आले, आणि बाईसाहेब तेवढ्या मागे राहिल्या. एकटीने उडण्याचा परवाना उस्तादांनी द्यावयाचा, आणि उस्ताद देईनात. बाईसाहेब चहाच्या वेळी मंडळींत बसत, हसत, आणि हात धुवावयाचे निमित्त करोन लवकर उठत.

हे वर्तमान शाळेचे मुख्य साहेब यांचे कानी गेले. मुख्य साहेब मितभाषी, चष्म्यावरोन पाहणारे. त्यांनी उस्तादांस आणि बाईसाहेबांस कचेरीत बोलावोन हुकूम फर्माविला की, या शागिर्दाचे हातात खोट नाही, निर्णयात आहे; जो वैमानिक वाईट उतरणे सोडोन देवो शकत नाही, त्याचे हाती एकट्याने विमान देणे म्हणजे त्याच्याच जिवाशी खेळणे; तरी हा आठवडा मुदत, तेवढ्यात उस्तादांची खात्री जाहली तर उत्तम, नाही तर ही जागा दुसऱ्यास द्यावी. उस्तादांनी मुदत वाढविण्याविषयी बहुत रदबदली केली. साहेबांनी चष्मा काढोन पुसला आणि पुन्हा घातला. यावरोन अर्ज नामंजूर जाहला ऐसे उभयतां समजले.

बाहेर येता उस्ताद म्हणाले, "एक विचारू? तू फिरत का नाहीस?"

बाईसाहेब म्हणाल्या, "उतरायलाच आलेली असते ना, सर."

"तेच तर. तुला कोणी सांगितलंय की आत्ताच उतर?"

बाईसाहेबांस मातुश्रींचे फर्मान आठवले, आणि त्या शेडीकडे चालू लागल्या.

पुढे आठवड्याचे अखेरचे दिवशी सकाळी आभाळ निवळ होते, आडवा वारा होता परंतु फारसा मस्तवाल नव्हता. म्हातारी अंगणात काढोन, पुसोन सज्ज केली. बाईसाहेबांस चष्मा होता, आणि चष्मेवाल्या वैमानिकाने जादा चष्मा खिशात बाळगिल्याविना उडू नये ऐसा नियम आहे. उस्तादांनी विचारिले, बाईसाहेबांनी सारे खिसे चाचपिले, आणि जादा चष्मा घरी टेबलावर राहिला ऐसे निष्पन्न जाहले. उस्ताद नियमाचे पक्के. आज शेवटचा दिवस म्हणोनही सूट मिळेना. मग बाईसाहेबांनी नाइलाजे मातुश्रींस फोन केला.

मातुश्रींनी उड्डाणशाळेत आजवर पाऊल टाकिले नव्हते, आणि टाकणार नाही ऐसा त्यांचा बाणा होता. परंतु मुलीचा आवाज ऐकता त्यांनी हातातले काम तैसेच टाकिले, रिक्षा पकडिली आणि कूच करोन दरवाजाशी दाखल जाहल्या. घाईत गळ्यातील मोजपट्टी काढावयाची राहिली होती, ती छातीवर पदकासारखी लोंबत होती. पहारेकऱ्याने कोण, काय विचारिता, "तिची आई" एवढेच बोलोन त्या सरळ आत आल्या.

चष्मा देवोन त्यांनी म्हातारीकडे पाहिले. दार उघडे होते. त्याचा पत्रा त्यांनी अंगठा आणि बोट यांत धरोन, कापडाचा पोत पाहावा तैसा पाहिला.

"ही उडते?"

"उडते ना," उस्ताद म्हणाले. "तुम्ही तिकडे सावलीत बसा, आई. चहा सांगतो."

मातुश्री बसल्या नाहीत. कुंपणापाशी उभ्या राहिल्या.

मग उस्ताद उजवे खुर्चीत आणि बाईसाहेब डावे खुर्चीत ऐसे बसोन चकरा सुरू जाहल्या. मातुश्री कुंपणावरोन पाहात आहेत हे ठाऊक असोन बाईसाहेबांचे उतरणे त्या दिवशी एकामागून एक साफ पडले. उस्तादांनी मुद्दाम एकदा ऐन खाली येता "फीर" ऐसे फर्माविले, तेव्हा बाईसाहेब मुकाट्याने फिरल्याही. परंतु सांगितल्यावर फिरणे निराळे आणि मनाने फिरणे निराळे, हे उस्ताद जाणोन होते. म्हणोन ते नेहमीपेक्षा कमी बोलत होते, आणि त्यामुळे बाईसाहेब अधिकच धास्तावल्या.

"शेडीपाशी घे," उस्ताद अखेरीस म्हणाले.

बाईसाहेबांस वाटले, सरले सारे. त्यांनी विमान अंगणाचे कडेस उभे केले आणि इंजिन बंद करावयास हात नेला, तो उस्तादांनी तो हात वरचेवर धरिला. मग त्यांनी आपला पट्टा सोडिला, दार उघडिले, आपला भरभक्कम देह मोठ्या मिनतवारीने बाहेर काढिला, आणि आत वाकोन रिकाम्या खुर्चीचा पट्टा नीट आवळोन लाविला.

"एक चक्कर. जमलं नाही तर दुसरी. तेही नाही जमलं तर तिसरी. पेट्रोल भरपूर आहे."

"आत्ता, सर?"

"मग कधी? मी निवृत्त झाल्यावर?"

दार लागले. बाईसाहेबांनी उजवीकडे झुकोन ते कोपराने रेटिले.

इकडे कुंपणापाशी मातुश्री पाहातात तो ते थोराड गृहस्थ एकटेच चालत येत आहेत आणि विमान तर पट्टीकडे चालिले आहे. उस्ताद जवळ येता त्यांनी विचारिले, "तुम्ही उतरलात?"

"हो."

"मग ते कोण चालवतंय?"

"आपली धाकटी."

मातुश्रींनी दोन्ही हातांनी मोजपट्टीची टोके धरिली. उस्तादांचे हाती लहान रेडिओ होता, त्यावरोन ते मनोऱ्याशी आणि विमानाशी बोलू शकत. मुख्य साहेब कचेरीचे खिडकीत येवोन उभे राहिले. मनोऱ्यावर जी बाई हुकूम देत असे, तिचा आवाज सदैव ऐसा की घर जळत असताही पाणी हळू ओता म्हणेल. त्या बाईने उड्डाणाची परवानगी दिली, आणि बाईसाहेबांनी ती रिवाजाप्रमाणे शब्दशः परत म्हणोन दाखविली. त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर किंचित चिरकला, तो रेडिओवर सर्वांनी ऐकिला आणि कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनास जोर देणारा दांडा, पुढे सारिला आणि म्हातारी धावली. उस्तादांचे वजन उतरल्याने म्हातारीस जणू तरुणपण आले. जेथे रोज चाके सुटत त्याच्या बहुत अलीकडे ती जमीन सोडोन उठली आणि ऐसी चढली की बाईसाहेबांनी वळावयाचे ठिकाण येण्याआधीच वळावयाची उंची गाठली. त्यांनी सवयीने उजवीकडे पाहिले. तेथे आवळलेला पट्टा आणि खिडकीतून दिसणारी शेते, बाकी कोणी नाही. कानात कोणी नाक बघ म्हणत नव्हते. तेव्हा बाईसाहेबांस प्रथम भय वाटले, मग हसू आले, आणि मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "नाक बघ." बघितले. नाक ठीक होते.

पट्टीस समांतर जाता खाली सारे दिसले. पत्र्याची शेड, काचेचा मनोरा, कुंपणाशी दोन ठिपके, एक रुंद आणि एक बारीक. पैकी बारीक तो आई, ऐसे ओळखोन बाईसाहेबांनी नजर पुन्हा समोर लाविली, कारण काम पुढे होते.

मग वळणे घेवोन त्या पट्टीसमोर आल्या, आणि येथे अडचणीशी गाठ पडली. हलके जाहलेले विमान खाली बसेना. रोजच्या अदमासाने जोर कमी केला तरी उंची ज्यादा, वेगही ज्यादा. त्यातच आडव्या वाऱ्याने एक झपका दिला आणि म्हातारी पट्टीचे मधल्या रेघेवरोन डावीकडे लोटली. बाईसाहेबांनी ती सावरली, तोवर पट्टीचा मोठा हिस्सा खालोन निघोन गेला. त्यांनी दात आवळिले. अंगात भिनलेली जुनी खोड उठोन बसली, आणि खाली रेट, खाली रेट, ऐसे सांगो लागली.

कुंपणाशी उस्तादांनी रेडिओ तोंडाशी नेला. अंगठा बटणावर ठेविला. सारी हयात जो मनुष्य बोलत आला, त्याचे तोंडाशी 'फीर' हा एकच शब्द येवोन ठेपला होता. तो बोलावा तर विमान हमखास वाचते, परंतु मुलगी पुन्हा उस्तादांचेच हाती राहते. न बोलावा तर काय होईल ते देव जाणे. उस्तादांचे कपाळी घाम सुटला. त्यांनी क्षण मोजिला, अंगठा बटणावर तैसाच ठेविला, आणि दाबिला नाही.

वर बाईसाहेब उस्तादांचा शब्द ऐकावयास थांबल्या होत्या. अशा वेळी उजवीकडोन 'माझ्या हातात' येते आणि आपण हात सोडावे, हा इतक्या दिवसांचा परिपाठ. त्यांनी वाट पाहिली. काही आले नाही. येणार नव्हतेच. मग त्यांस उमजले की, जो शब्द यावयाचा तो आपल्याच तोंडोन यावयाचा आहे.

"माझ्या हातात," बाईसाहेब म्हणाल्या. कोणास उद्देशोन म्हणाल्या ते त्यांस पुढे सांगता आले नाही.

आणि थ्रॉटल पूर्ण पुढे सारिला. म्हातारीने डरकाळी फोडिली, नाक उचलिले, पट्टी खाली राहिली आणि स्वारी पुन्हा आभाळी चढली. मग रेडिओवर त्यांचा आवाज आला, आणि आता तो चिरकत नव्हता.

"गो-अराउंड. पुन्हा येते."

"या," मनोऱ्यावरील बाई म्हणाली. "पट्टी मोकळीच आहे."

मातुश्रींचा रंग पांढरा जाहला होता. "का नाही उतरली? काय झालं?"

"काही नाही झालं," उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी रेडिओ खाली केला. "तिला पटलं नाही, म्हणून नाही उतरली."

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"मग कोणाला विचारलं तिने?"

"कोणालाच नाही, आई."

मातुश्रींनी मोजपट्टीची टोके सोडिली. मग म्हणाल्या, "घरीही अशीच आहे." परंतु हे त्या तक्रार म्हणोन बोलल्या नाहीत. तिकडे खिडकीत मुख्य साहेबांनी चष्मा काढोन खिशात ठेविला आणि ते खुर्चीवर जावोन बसले. पुढील उतरणे पाहावयाची त्यांस गरज भासली नाही.

दुसरे खेपेस बाईसाहेबांनी हलक्या विमानाचा स्वभाव ध्यानी घेवोन जोर लवकर उतरविला, वाऱ्याचे बाजूस पंख अंमळ झुकविला आणि मधली रेघ धरोन आल्या. पट्टी वर आली. चाके टेकली. मग म्हातारीस काय वाटले कोण जाणे, ती पुन्हा हातभर उचलली, तिने विचार केला, आणि टेकली ती टेकलीच. बाईसाहेबांनी ब्रेक हळू दाबिला आणि विमान कडेच्या वाटेस वळविले. मनोऱ्यावरील बाईने नेहमीचा हुकूम सांगोन शेवटी "छान" ऐसा एक शब्द ज्यादा घातला, जो तिचे कामकाजात बसत नव्हता.

अंगणात इंजिन थांबले. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर वैमानिकास पाण्याने न्हाऊ घालावे, ऐसा या पेशाचा रिवाज आहे, त्यास अनुसरोन शागिर्द मंडळी बादल्या घेवोन दबा धरोन बसलीच होती. बाईसाहेब उतरतात तो चहूकडोन हल्ला जाहला आणि त्या नखशिखांत भिजल्या. उस्तादही जवळ गेल्याने भिजले. त्यांनी उतरण्यात काय काय चुकले ते सांगावयास तोंड उघडिले, मग मिटिले, आणि बाईसाहेबांचे पाठीवर थाप मारिली, ती ऐसी की त्या दोन पावले पुढे गेल्या.

तेथे मातुश्री उभ्या होत्या. त्यांनी आपला रुमाल काढोन मुलीचा चष्मा प्रथम पुसला, मग तोंड.

"भीती वाटली?"

"हो," बाईसाहेब म्हणाल्या. "पण वेळच नव्हता."

मातुश्रींनी मान डोलाविली. कपडे ओले, वारा लागेल, ऐसे काहीबाही बोलोन त्यांनी मुलीचे खांद्याची शिवण चिमटीत धरोन पाहिली आणि ती उसवली असे म्हणाल्या. शिवण उसवली नव्हती. परंतु हात तेथे बराच वेळ राहिला.

संध्याकाळी मुख्य साहेबांचा हुकूम सुटला की, बाईसाहेबांची जागा कायम, पुढील शिक्षण चालू करावे. आणि मातुश्री परतीचे रिक्षेत बसल्या त्या घर येईतो फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होत्या. "अगं, पहिल्यांदा आली खाली, पण तिला नाही पटलं, गेली परत वर. कोणाला विचारलं नाही. मग आली ती दोनदा उतरली. हो, एकाच फेरीत दोनदा. नाही, मी बघितलं ना." रिक्षावाल्याने आरसा वळवोन त्यांजकडे पाहिले, तेव्हा त्यांनी त्यासही पहिल्यापासोन सांगितले.

येणेंप्रमाणे ही मोहीम फत्ते जाहली. शाळेचे दप्तरी एक उड्डाण आणि एक उतरणे ऐसी नोंद आहे, आणि मातुश्रींचे म्हणणे उतरणी दोन. लेखकाने उभय पक्ष ऐकोन मातुश्रींचे म्हणणे ग्राह्य धरिले आहे. यांत कोणास अतिशयोक्ती वाटल्यास त्याने उजवी खुर्ची रिकामी ठेवोन एकदा वर जावोन यावे, आणि मग लेखकाशी वाद घालावा.